घोकंपट्टीची वंशावळ

घोकंपट्टी हा शब्द आपण जवळजवळ शिवीसारखाच वापरतो. शिक्षणात जे जे वाईट ते सगळं हिच्या नावावर खपवायचं, ही आपली जुनी सवय. मीही शाळाकॉलेजात असताना हेच म्हणायचो. पण गेली काही वर्षं एक प्रश्न डोक्यात घोळतोय. घरोघरी छापील पुस्तकं नव्हती, शब्द अडला तर उघडून बघायला कोश नव्हता, कागद महाग होता, अशा काळात लोक परकी भाषा शिकायचे आणि चांगली शिकायचे. मग ते नवे शब्द लक्षात ठेवायचे कसे? नुसते घोकून?

हो, घोकूनच! पण घोकण्यासाठी त्यांनी जे रचलं होतं ते इतकं विचारपूर्वक रचलेलं होतं की आजच्या मोबाईलवरच्या शब्द शिकवणाऱ्या ॲप्सनी त्यापुढे जरा दबकूनच उभं राहावं.

सगळ्यात जुना नमुना म्हणजे निघंटु. वेदांतले शब्द कळेनासे व्हायला लागले तेव्हा कुणीतरी त्यांच्या याद्या केल्या. यास्काचं निरुक्त हे याच याद्यांवरचं भाष्य. निघंटूच्या सुरुवातीलाच पृथ्वीची नावं येतात आणि यादी संपली की सांगितलं जातं, ही झाली एकवीस. दिसायला साधी गोष्ट, पण मला फार आवडते. म्हणणाऱ्यानं मनातल्या मनात बोटं मोजली आणि वीसच भरली तर एक गळलं हे त्याचं त्यालाच कळतं. बाजाराला निघताना आई सांगायची ना, "सात जिनसा आहेत हं," तोच प्रकार. यादी विसरली तरी आकडा आठवतो, आणि आकडा यादीला ओढून आणतो.

पण एकवीसच्या जागी काही हजार शब्द असले तर मोजून काय होणार? इथे अमरसिंह येतो. त्याचा काळ नक्की ठरलेला नाही, साधारण चौथं ते सहावं शतक यांच्या दरम्यान धरतात. ग्रंथाचं खरं नाव नामलिंगानुशासन, पण ते कुणी म्हणत नाही. अमरकोश, किंवा जुन्या लोकांच्या तोंडी नुसतं 'अमर'. तीन कांडं, सुमारे दीड हजार श्लोक, बहुतेक सगळे अनुष्टुभात. अनुष्टुभ म्हणजे आठ-आठ अक्षरांचे चार चरण. एक शब्द जरी गाळला तरी चरण लंगडतो आणि जिभेला ते लगेच कळतं. निघंटूत जे काम आकडा करत होता ते इथे छंद करतो.

शिवाय शब्द अकारविल्हे नाहीत. ते वर्गांत आहेत. स्वर्गवर्ग, कालवर्ग, वारिवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग... पाण्याच्या वर्गात समुद्र, नदी, नाव, मासे, कमळ एका कुटुंबासारखे राहतात. म्हणजे शब्द एकटा पाठ होतच नाही, शेजाऱ्यांसकट पाठ होतो.

आणि त्यातली सगळ्यात चतुर गोष्ट तर नावातच आहे, 'लिंगानुशासन'. अमर शब्द अशा रूपात ठेवतो की त्याच्या शेवटावरूनच तो पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसक ते बहुतेक वेळा कळतं. जिथे कळणार नाही तिथे एखादा छोटासा शब्द टाकून सांगतो. हा तिन्ही लिंगांत चालतो, हा दोन्हींत. एका अर्थाचे शब्द संपून दुसऱ्या अर्थाचे सुरू झाले हे कळावं म्हणून 'तु' आणि 'अथ' यांचे बांध घालतो, आणि आपण हे असं करणार आहोत हे ग्रंथाच्या आरंभीच बजावतो. म्हणजे दहा वर्षांच्या पोरानं अर्थही न कळता श्लोक पाठ केला तरी लिंग फुकटात पाठ होतं. माझी भाची जर्मनीत वाढतेय. तिथे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी! परक्यांना शिकवणारे तिथले मास्तर एकच मंत्र देतात. शब्द कधीही एकटा पाठ करू नका, डेर-डी-डास लावूनच पाठ करा. अमरसिंहाला ते ऐकून हसू आलं असतं.

आता नात्यातल्या वाचकांसाठी थोडं घरचं. आमच्या अण्णांचा (आजोबांचा) अमर पाठ होता हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. शेवटच्या दीड-दोन वर्षांत त्यांची स्मरणशक्ती गेली. मला ते कधी माझ्या बाबांच्या नावानं हाक मारायचे, कधी नुसतं "अहो" म्हणायचे. पण एखादा अर्धा श्लोक सुरू करून दिला की गाडी सुरू! दहा-पंधरा श्लोक सहज, न अडखळता. हे सगळ्यांनी पाहिलंय आणि सगळ्यांनी कौतुक केलंय. मी आणखी एक गोष्ट पाहिली, ती फारशी कुणाच्या लक्षात आली नसावी. एकदा त्यांना सरळच विचारलं, "अण्णा, कमळाला किती शब्द आहेत?" त्यांना एकही सांगता आला नाही. चेहरा गोंधळला. मग मी वारिवर्गातली आधीची एक ओळ म्हटली. ते पुढे म्हणत गेले आणि यथावकाश कमळापाशी पोचले. आणि कमळापाशी पोचल्यावर थांबले नाहीत, तसेच पुढे निघून गेले. आपल्याला जे विचारलं होतं ते हेच, हे त्यांना कळलंच नाही.

तेव्हा वाईट वाटलं होतं. पण पाठांतराची ताकद आणि मर्यादा एकाच वेळी दिसली ती त्या दिवशी. श्लोक ही दोऱ्यात ओवलेली माळ आहे. दोऱ्याचं टोक हाती लागलं तर सगळे मणी येतात, पण मधलाच एक मणी उचलता येत नाही. निरोगी डोक्याचा विद्यार्थी ती माळ पुढे वापरून वापरून मणी सुटे करून घ्यायचा. काव्य वाचायचा, टीका वाचायचा, वादात बोलायचा. ते वापरणं झालं नाही, किंवा अण्णांसारखं आजारानं पुसून गेलं, की उरते फक्त माळ.

असो. तर ही युक्ती फक्त संस्कृतवाल्यांची नव्हती. फारसी जगात हिला 'निसाब' म्हणत. तेराव्या शतकात अबू नस्र फराही यानं 'निसाब-उस्-सिबयान' नावाचा पद्यकोश मुलांसाठी रचला. अरबी शब्द आणि त्याचा फारसी अर्थ, वेगवेगळ्या वृत्तांत. सिबयान म्हणजे मुलं. निसाब म्हणजे जकात लागू होण्याची किमान मालमत्ता, चांदीच्या हिशेबात दोनशे दिरहम. मूळ ग्रंथात दोनशे द्विपदी होत्या म्हणून हे नाव, असं सांगतात. एवढे शब्द ज्याच्यापाशी जमले तो आता श्रीमंत, दुसऱ्याला देणं लागतो! नाव ठेवावं तर असं.

हीच परंपरा हिंदुस्थानात आली आणि 'खालिक बारी' तयार झालं. अरबी-फारसी शब्दांना हिंदवी प्रतिशब्दांची जोड, आणि म्हणायला सोपी चाल. ते अमीर खुस्रोच्या नावावर चालत आलंय, पण ते त्याचं नाही, बरंच नंतरचं आहे, असंही अभ्यासकांनी मांडलंय. कुणाचंही असो, मदरशांमधून पिढ्यान् पिढ्या पोरांनी ते डोलत डोलत म्हटलं. अमरकोशात एकाच भाषेतले समानार्थी शब्द शेजारी बसतात, इथे दोन-तीन भाषांतले. अकबराच्या काळात उलट दिशेनंही काम झालं. कृष्णदास नावाच्या पंडितानं 'पारसीप्रकाश' रचून संस्कृत जाणणाऱ्यांना फारसी शब्द श्लोकांत दिले.

आणि मला सर्वांत हलवून गेलेलं उदाहरण मिर्झा गालिबचं. त्याच्या बायकोचा भाचा आरिफ १८५२ मध्ये तरुणपणीच वारला आणि त्याची दोन लहान मुलं गालिबनं सांभाळली. या मुलांसाठी त्यानं 'कादिरनामा' लिहिला असं मानतात. खालिक बारीच्याच धर्तीवर, फारसी-अरबी शब्दांचे सोपे अर्थ पद्यात. ज्याच्या शेरांचे अर्थ लावताना भले भले घामाघूम होतात तो म्हातारा कवी घरातल्या पोरांसाठी 'याला हे म्हणतात, त्याला ते म्हणतात' असं यमक जुळवत बसलाय! गालिबच्या चरित्रांत याला फार तर एखादी ओळ मिळते.

आता आपल्या घरात येऊ. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. तो रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर आहे. दरबारात रुळलेले फारसी-दखनी शब्द घ्यायचे आणि त्यांना संस्कृत पर्याय द्यायचे. दहा वर्ग, त्यात राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असं सगळं, आणि रचना अमरकोशाच्या वळणाची, अनुष्टुभात. शाळेत आपल्याला हा कोश भाषाशुद्धीचा म्हणून शिकवला आणि ते खरंच आहे. पण मला त्याचा पद्यरूप असण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सरकारी शब्दांची यादी गद्यातही करता आली असती. श्लोक केले याचा अर्थ हे शब्द कारकुनांच्या डोक्यात बसावेत अशी इच्छा होती. फडावर बसलेल्या माणसानं पत्र लिहिताना कोश उघडावा ही अपेक्षा नव्हती, कोश त्याच्या जिभेवर असावा ही होती.

मग बसले का ते शब्द? अर्धे बसले, अर्धे नाही. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. पण पेशव्याचं काय झालं बघा. त्याचा प्रधान झाला, अठराव्या शतकात पेशव्यांच्या शिक्क्यांवर 'मुख्य प्रधान' असंच कोरलेलं असायचं, आणि लोकांच्या तोंडी अखेरपर्यंत पेशवाच राहिला. चिटणीस, फडणीस, सबनीस तर आडनावं होऊन घरोघरी बसले. आणि बाजारात तर कोशाचं फारसं काही चाललंच नाही. आपण आजही दुकानातच जातो.

पुढेही हेच घडत आलंय. सावरकरांनी दिलेला 'महापौर' सगळ्यांच्या तोंडात बसला. 'दिनांक' मात्र अर्जावर छापला गेला आणि बोलताना आपण तारीखच विचारतो. पाठ केलेला शब्द आणि तोंडात असलेला शब्द यांत फरक आहे तो असा. छंद शब्दाला डोक्यात ठेवू शकतो, पण तोंडात आणायला माणसं लागतात.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये सुमारे साठ हजार शब्दांची. अकारविल्हे कोश ही विलक्षण सोय आहे, मी तर मोल्सवर्थचा भक्तच आहे. पण अकारविल्हे रचनेत शब्दाचा शेजारी केवळ योगायोगानं ठरतो. कमळाच्या शेजारी कमाई आणि कमान. त्या कोशातून शब्द शोधता येतो, तो कोश पाठ करता येत नाही, आणि करायचा नसतोच. इथे शब्द सांभाळण्याचं काम डोक्याकडून कपाटाकडे गेलं.

आणि नेमका याच काळात इंग्रजीचा लोंढा आला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वर शब्द, खाली त्याच शब्दांची भाषांतराला वाक्यं. ती पद्धत चांगलीच होती, शब्द पाठ केला की लगेच कामाला जुंपायचा. बिघडलं ते पुढे, परीक्षेच्या गाइडांनी वाक्यं काढून टाकली आणि 'शब्दार्थ पाठ करा' एवढंच ठेवलं तेव्हा. छंद गेला, वर्ग गेला, आकडा गेला, वापरही गेला. उरली ती सुटी यादी. आपण जिला घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतो ती ही, घराण्यातली सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात वाया गेलेली! (तरी पोरांनी आपापली सोय केलीच. ता-ना-पि-हि-नि-पा-जा म्हटल्याशिवाय इंद्रधनुष्याचे रंग क्रमानं कुणाला सांगता येतात?)

गंमत म्हणजे सुटी यादी किती वाईट हे मोजून दाखवणारा माणूस त्याच शतकात जर्मनीत होता. हेर्मान एबिंगहाउस. त्यानं अर्थ नसलेली सुमारे २३०० अक्षरजुळणी तयार केली आणि वर्षानुवर्षं एकट्यानं, स्वतःवरच प्रयोग करत ती पाठ केली. त्याचं पुस्तक १८८५ चं. पाठ केलेलं किती वेगानं विसरतो याचा त्याचा आलेख प्रसिद्ध आहे. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत वाया जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. पण मला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्यानं बायरनच्या 'डॉन जुआन'मधली कडवीही पाठ करून पाहिली. एक कडवं साधारण ऐंशी अक्षरांचं, ते आठ-नऊ वाचनांत पाठ व्हायचं. तेवढीच निरर्थक अक्षरं पाठ करायला सत्तर-ऐंशी वाचनं लागायची. दसपट फरक! (कडव्याला अर्थ असतो आणि अमरकोशाचा श्लोक शेवटी यादीच, तेव्हा अमराला दसपटीचं श्रेय देता येणार नाही. पण फायदा कुठल्या बाजूला आहे ते कळतं.)

दुसरी गोष्ट अंतराची. एका दिवसात सलग ६८ वेळा घोकून जे साधलं तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकून साधलं. सगळा आधुनिक पसारा या दोन आकड्यांवर उभा आहे. १९६७ मध्ये पॉल पिम्सलर यानं वेळापत्रकच मांडलं. नवा शब्द पाच सेकंदांनी पुन्हा विचारा, मग पंचवीस सेकंदांनी, दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासानं, पाच तासांनी, दिवसानं, पाच दिवसांनी, पंचवीस दिवसांनी, चार महिन्यांनी, दोन वर्षांनी. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यानं पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे केले. आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, न आठवलेलं परत पहिल्यात. २००६ मध्ये आलेला 'अंकी' हा प्रोग्राम म्हणजे तोच खोका, फक्त हिशेब संगणक करतो. अंकी म्हणजे जपानीत पाठांतर.

आपल्या तिन्हीसांजेच्या परवच्यात दुसरं काय होतं? कालचे पाढे आज, आजचे उद्या, पावकी-निमकी जुनी झाली तरी सुटका नाही. अंतराचा हिशेब कुणी मांडला नव्हता, पण रोजच्या दिवेलागणीनं तो सांभाळला होता.

जुन्यांकडे पद्धतशीर नव्हती अशी एकच युक्ती मला सापडली. परक्या शब्दाचा आवाज आपल्या भाषेतल्या कशासारखा वाटतो ते धरायचं आणि दोन्हींचं मिळून एक चित्र मनात रंगवायचं. अमेरिकेत ॲटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये १२० रशियन शब्दांवर हे तपासलं. चित्रवाल्यांना ७२ टक्के शब्द आले, बाकीच्यांना ४६. सहा आठवड्यांनी अचानक परीक्षा घेतली तेव्हा ४३ आणि २८. मी नोकरीनिमित्त चेन्नईत होतो तेव्हाचा माझा पहिला पक्का तमिळ शब्द असाच आला. तमिळमध्ये पाल् म्हणजे दूध. दुधाच्या पातेल्यात पडलेली पाल एकदा डोळ्यांसमोर आणली आणि तो शब्द पुन्हा कधी विसरलो नाही. (चहा मात्र पुढे काही दिवस काळाच प्यायलो :) )

हे सगळं खोदत बसण्याचं कारण भाचीच आहे. ताईनं तिला अंकीत मराठी शब्दांची कार्डं करून दिली आहेत, कारण घरातल्या मराठीतून शब्द गळायला लागले. आधी झाडांची आणि भांड्यांची नावं गेली, मग भावनांची. मागच्या महिन्यात ती 'हिरमुसणं' शोधत होती आणि सापडेना म्हणून जर्मन शब्द वापरून पुढे गेली. कार्डांनी शब्द परत येताहेत हे मी ऐकतोय. पण अंकी कार्डं पिसून देतो. चाळणीनंतर उंबरठा, मग रुसवा. म्हणून मी ताईला वर्ग करून पाठवायला सुरुवात केली आहे, स्वयंपाकघरवर्ग, अंगणवर्ग, रागलोभवर्ग. प्रत्येकाखाली लिहितो, एकूण इतके. यमक जुळवण्याचाही एक प्रयत्न झाला, तो मात्र इथे छापणार नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळी, रविवारी तिच्याशी बोलाल तेव्हा या महिन्याचे शब्द लक्षात ठेवा. फडताळ, सांडशी, वळचण, उंबरठा, हिरमुसणं, लगबग, उष्टं, पारोसं, ओसरी. एकूण नऊ. कुणीही कपाट म्हणायचं नाही.